बारगिराच्या घोड्याला खाज सुटली तर?

कोलकात्याच्या बागबाजारात आजही ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. बारगिरांच्या, म्हणजे मराठी घोडेस्वारांच्या, धास्तीने १७४२ साली शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याची ही खूण. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल खणून झाले आणि मराठे कोलकात्यावर आलेच नाहीत!

ज्यांच्या टापांना अख्खं शहर घाबरलं, त्या घोड्यांची कातडी मात्र फार हळवी. एक माशी बसली तरी तेवढाच भाग थरथरतो. कातडीखाली स्नायूचा पातळ थर असतो, त्याची ही करामत.

घोड्याच्या घामाला फेस येतो, कारण त्यात लॅथरिन नावाचं साबणासारखं प्रथिन असतं. तोच घाम धुळीसकट तंगाखाली वाळला की कातडी सोलवटते. म्हणून खोगीर उतरवल्यावर पाठ धुऊन-पुसून कोरडी करायची आणि रोज खरारा करायचा. बाटलीतल्या कुठल्याही तेलाआधी माझं मत या औषधाला. घोडे एकमेकांची मान आणि पाठ जुळते ती जागा दातांनी खाजवतात तेव्हा त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे १९९३ साली मोजून पाहिलंय. खराऱ्याचा हात तिथे जरा जास्त वेळ फिरू द्या.

धुळीत लोळण घेणाऱ्या घोड्याला रागावू नका. अंगावर बसलेली धूळ किड्यांना अडवते.

हुगळीकाठासारख्या दमट हवेत पहाटे आणि तिन्हीसांजेला चिलटं निघतात. ती चावली की काही घोडे आयाळ आणि शेपटीचं मूळ झाडावर घासून रक्तबंबाळ करतात. चिलटांचे पंख दुबळे असतात, त्यामुळे तबेल्यात मोठा पंखा लावला की त्यांना टिकता येत नाही. कडुनिंबाचं तेलही त्यांना दूर ठेवतं. पण ते नुसतं चोपडू नये, खोबरेल तेलात मिसळून आधी छोट्या जागेवर लावून बघावं.

गोमाशांवरचा उपाय तर झेब्र्याकडून आलाय! २०१९ साली इंग्लंडमध्ये घोड्यांना पट्ट्यापट्ट्यांची झूल घातली. झुलीवर फार कमी माशा उतरल्या, उघड्या डोक्यावर मात्र नेहमीइतक्याच.

घोड्यांच्या औषधांवरचे आपले ग्रंथ जुने आहेत. जयदत्ताचं ‘अश्ववैद्यक’ १८८७च्या सुमारास कोलकात्याच्याच एशियाटिक सोसायटीने छापलं, कविराज उमेशचंद्र गुप्तांनी ते संपादित केलं होतं. बागबाजारपासून जवळच बेलगाछियाला १८९३ साली पशुवैद्यक महाविद्यालय सुरू झालं. जुन्या औषधांतला गंधक आजही टिकून आहे: खरूज आणि नायट्यावर चुना-गंधकाचं पाणी पशुवैद्य अजूनही वापरतात. वास कुजक्या अंड्यांचा, आणि पांढरा घोडा पिवळा होतो, एवढं सोसायचं.

आता दोन गोष्टी कळकळीने सांगतो. माशा पळाव्यात म्हणून खाण्यात भरमसाट लसूण घालू नका, त्याने घोड्याच्या तांबड्या पेशी फुटून रक्तक्षय होतो. आणि खरजेवर रॉकेल किंवा जळकं इंजिन ऑइल कधीही लावू नका, कातडी भाजते.

गोल चट्ट्यांत केस गळायला लागले तर नायट्याचा संशय घ्या. तो माणसालाही होतो. अशा घोड्याचा खरारा, नमदा आणि झूल दुसऱ्या घोड्याला लावायची नाही, हात साबणाने धुवायचे आणि पशुवैद्याला बोलवायचं.