सांगणारा कुठे उभा आहे?

कादंबरीने वाचणाऱ्याची नजर बदलते, असं आपण सहज म्हणतो. पण ती नेमकी कशाने बदलते? विषयाने म्हणावं, तर विधवांच्या हालांवर बाबा पदमनजींनी १८५७ सालीच ‘यमुनापर्यटन’ लिहिलं होतं. यमुना आणि तिचा नवरा प्रवासाला निघतात, ठिकठिकाणी विधवांच्या कहाण्या त्यांच्या कानी पडतात आणि वाचक हळहळतो. पुढे हरिभाऊ आपट्यांनी १८९० पासून ‘करमणूक’मध्ये ‘पण लक्षांत कोण घेतो?’ क्रमशः छापली. विषय जुनाच होता. मात्र इथे यमू स्वतः बोलते. माहेरच्या लाडापासून केशवपनापर्यंतचं सगळं तिच्याच तोंडून येतं. संमतीवयाच्या कायद्यावरून १८९१ मध्ये पुण्यात रणं माजली होती. त्याच दिवसांत ही पोरसवदा बाई दर आठवड्याला घरोघरी जाऊन आपलं गाऱ्हाणं मांडत होती. कीव करायला लांब उभं राहावं लागतं. यमू तेवढी जागाच ठेवत नाही.

नजर बदलते ती सांगणाऱ्याच्या जागेने. मराठवाड्यात याचा पुरावा शोधायचा, तर वारंगा फाट्यावर उभं राहावं. नांदेड-अर्धापूरकडून आलेला रस्ता इथून सरळ कळमनुरी-हिंगोलीला जातो, उजवीकडचा हदगाव-उमरखेडमार्गे नागपूरला. पैनगंगा ओलांडली की विदर्भ लागला. अलीकडे मराठवाडी बोली, पलीकडे वऱ्हाडी. दोन्हीकडच्या बोलीत एकेक अस्सल कादंबरी आहे आणि योगायोग असा, की दोन्ही शिंप्याच्या घरातल्या आहेत.

उद्धव शेळक्यांची वऱ्हाडीतली ‘धग’ १९६० ची. नवरा महादेव महारोगाने खंगतो आणि कौतिक एकटी संसार ओढते. निवेदक तिचं कौतुकही करत नाही आणि तिच्यासाठी रडतही नाही. तो तिच्या चुलीपासून हलत मात्र नाही. रा. रं. बोराड्यांची ‘पाचोळा’ १९७१ ची. बलुत्यावर चालणारं गाव मोडत चाललंय, गंगाराम शिंप्याचा धंदा बसतोय आणि त्याचा ताठा काही उतरत नाही. हे सांगते त्याची बायको पारबती. सुगीला शिंप्याच्या पदरात धान्य घालणारं गाव आपल्याला ओट्यावरून ठाऊक असतं. पारबती ते घराच्या आतून दाखवते. तिथून पाहिलं की ‘गाव सुधारलं’ हे वाक्य पूर्वीसारखं सहज उच्चारता येत नाही.

नेमाड्यांच्या ‘कोसला’ने १९६३ मध्ये शिकायला शहरात गेलेल्या पोराच्या बाबतीत हेच केलं. पांडुरंग सांगवीकरला कुणाला काही शिकवायचं नाही. म्हणूनच खेड्यातून आलेल्या कितीतरी वाचकांना आपला गोंधळही लिहिण्यालायक आहे, हे पहिल्यांदा कळलं. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’ने शिकूनही नोकरी न मिळालेल्या एकनाथला मातीत उभं केलं. २००४ मध्ये तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण कोरडवाहू शेतीचं गणित काही त्यामुळे सुटलं नाही. कादंबरीकडून तशी अपेक्षाही करू नये.

सांगणाऱ्याची जागा चुकली तर काय होतं, ते अमेरिकेत दिसलं. अप्टन सिंक्लेअर यांची ‘द जंगल’ ही शिकागोच्या कत्तलखान्यांतल्या मजुरांची कथा १९०६ मध्ये पुस्तकरूपाने आली. लेखकाला मजुरांचे हाल दाखवायचे होते. वाचकांना धास्ती पडली ती आपल्या ताटातल्या मांसाची! त्याच वर्षी मांस-तपासणीचा कायदा झाला. मजूर होते तिथेच राहिले. वाचक आपल्या पाटावरून उठलाच नव्हता.

वारंगा फाट्याच्या हिंगोली जिल्ह्यातल्याच कुरुंद्याचे नरहर कुरुंदकर यांनी ‘धार आणि काठ’मध्ये मराठी कादंबरीचा साक्षेपी आढावा घेतला. त्यांचा बाणा पुढे न्यायचा, तर विषयांच्या याद्या बाजूला ठेवून प्रत्येक नव्या कादंबरीला एकच प्रश्न विचारावा: सांगणारा कुठे उभा आहे? वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालं, मोंढ्यातले तिचे भाव रोज छापून येतात. पण हळद काढणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळत घालणाऱ्या बाईच्या तोंडून आलेली कादंबरी माझ्या तरी वाचनात नाही. ग्रामीण कादंबरी संपली म्हणणाऱ्यांनी आधी तिला बोलू द्यावं.