जोडीदार कमी पडले तर?

अर्जुनी मोरगावला शिक्षकांपुढे अतिशीत अणूंविषयी बोलत होतो. एका केल्विनच्या कोटीव्या भागाच्या आसपास तापमान नेले की काही अणू जोड्या जमवतात आणि मग त्यांचा वायू घर्षणाशिवाय वाहू लागतो, म्हणजेच अतिप्रवाही होतो, इथवर आलो. तेव्हा एका शिक्षिकेने विचारले, "सर, एका प्रकारचे अणू जास्त असले, तर उरलेल्यांचे काय होते?" ते बाहेर राहतात, असे आम्ही चटकन सांगून टाकले. उत्तर चूक नव्हते, पण अर्धेच होते.

या प्रयोगांतला नेहमीचा अणू म्हणजे लिथियम-६. त्यात ३ प्रोटॉन, ३ न्यूट्रॉन आणि ३ इलेक्ट्रॉन असतात. बेरीज ९, म्हणजे विषम. असे कण फर्मिऑन असतात आणि अगदी एकाच अवस्थेत दोन फर्मिऑन राहू शकत नाहीत. वर्गाचेच उदाहरण घेऊ. प्रत्येक बाकावर एक लाल टोपीवाला आणि एक निळ्या टोपीवाला, एवढीच परवानगी. फळ्याजवळचा बाक म्हणजे सर्वांत कमी ऊर्जा. लाल ३०, निळे ३० असतील तर तीस बाक भरतात. पुढच्यांना हलायला जागाच नाही. हालचालीची मोकळीक फक्त शेवटच्या बाकांना. म्हणून जोड्याही तिथेच जमतात. त्यातला लाल ज्या वेगाने एका दिशेला जातो, त्याच वेगाने निळा उलट दिशेला, त्यामुळे जोडीचा एकूण संवेग शून्य. विषम अधिक विषम सम, म्हणून जोडी बोसॉनसारखी वागते आणि सगळ्या जोड्या एकाच अवस्थेत येऊ शकतात. धातूतल्या इलेक्ट्रॉनांसाठी हे चित्र बार्डीन, कूपर आणि श्रिफर यांनी १९५७ मध्ये मांडले. ते सगळीकडे पुरत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शुद्ध बिस्मथ ०.०००५३ केल्विनखाली अतिसंवाहक होते असे २०१६ मध्ये दिसले, तेव्हा याच सिद्धांताची पंचाईत झाली.

आता लाल ३६ आणि निळे २४ करू. लालांचा शेवटचा बाक छत्तिसावा, निळ्यांचा चोविसावा. जोडी जमवायची तर कुणाला तरी बाक बदलावा लागेल आणि त्याला ऊर्जा खर्च होईल. जोडी जमल्याने वाचणारी ऊर्जा या खर्चाहून कमी पडली की जोड्या मोडतात. अतिसंवाहकांसाठी ही मर्यादा १९६२ मध्ये क्लॉग्स्टन आणि बी. एस. चंद्रशेखर यांनी स्वतंत्रपणे काढली. (ताऱ्यांवर काम करणारे नोबेलविजेते चंद्रशेखर ते हे नव्हेत.)

धातूत हे तपासणे कठीण, कारण असमतोल आणायला लावलेले चुंबकीय क्षेत्र इतरही घोटाळे करते. वायूत मात्र रेडिओलहरींनी हवे तेवढे लाल अणू निळे करता येतात. २००६ मध्ये अमेरिकेत एमआयटीतील केटर्ले यांच्या आणि राइस विद्यापीठातील ह्यूलेट यांच्या गटांनी हे केले. एमआयटीत लेसरच्या झोताने, रवीने ताक घुसळावे तसा, वायू घुसळला. त्यात नीटस भोवरे उमटले. अतिप्रवाहाची ती खूण. संख्या असमान असूनही भोवरे होते! मध्यभागी जोड्या, आणि जादा अणू कडेला लोटलेले. शंभरात साधारण ८५ विरुद्ध १५ इतकी तफावत झाल्यावर मात्र अतिप्रवाह संपला. राइसचे आकडे याच्याशी जुळले नाहीत आणि बराच वाद झाला. त्यांचा सापळा फार लांबट होता, हे त्याचे एक कारण निघाले.

आमचे "बाहेर राहतात" ते हे. उरलेले अर्धे उत्तर जुने आहे. १९६४ मध्ये फुल्डे आणि फेरेल यांनी, आणि स्वतंत्रपणे लार्किन आणि ओव्हचिनिकोव्ह यांनी, वेगळीच शक्यता सुचवली. त्यासाठी एक ताट आणि एक लहान ताटली घ्या. ताट म्हणजे लाल अणूंच्या संवेगांचा नकाशा: मध्यभागी संथ अणू, कडेला सर्वांत वेगवान. ताटली निळ्यांची, पण दिशा उलट्या धरून. ती ताटाच्या मधोमध ठेवली तर कडा कुठेच भेटत नाहीत. आता ताटली सरकवा. एका जागी कडा टेकतात आणि तिथे जोड्या जमू शकतात. याची किंमत अशी की जोडीचा एकूण संवेग आता शून्य राहत नाही. त्यामुळे जोड्यांची दाटी सगळीकडे सारखी नसते. ती लाटेसारखी कमीजास्त होते आणि ठरावीक अंतरांवर शून्य होते. धानाच्या पाण्याने भरलेल्या बांध्या आणि मधले धुरे आठवा. जादा अणू शिवाराबाहेर नसतात, ते धुऱ्यांवर असतात.

हे कुणी पाहिले का? काही सेंद्रिय अतिसंवाहकांत, तीव्र चुंबकीय क्षेत्रात, तशा खुणा मिळाल्या आहेत. वायूत ह्यूलेट यांच्या गटाने २०१० मध्ये लेसरच्या बारीक नळ्यांत लिथियमचे अणू कोंडले. मध्यभागी जोड्या आणि जादा अणू एकत्र नांदत होते, सिद्धांत सांगतो तसेच. प्रत्यक्ष लाट मात्र त्यांना टिपता आली नाही. नळ्याच का? एका रेषेत चालणाऱ्या अणूंचा नकाशा ताटासारखा नसतो, पट्टीसारखा असतो. लांब पट्टीवर आखूड पट्टी सरकवली की एक टोक पूर्ण जुळते. ताटाच्या कडेचा जेमतेम एक तुकडा जुळतो, आणि तिन्ही मितींत तर चेंडूच्या आत चेंडू. तिथे फायदा आणखी थोडा, म्हणून तापमान आणखी खाली न्यावे लागते. वर्गात दाखवायचे असेल तर पट्ट्यांपासून सुरुवात करावी, ताटे नंतर काढावीत.