शहापूर-मुरबाड परिसरातील तंत्रशिक्षण आणि उद्योगांची मनुष्यबळाची गरज

मुरबाडला औद्योगिक वसाहत आहे, आसनगाव परिसरातही कारखाने आहेत. परंतु स्थानिक आदिवासी तरुण तेथे कारागीर म्हणून शिरतो की हमाल म्हणून, हा कळीचा प्रश्न होय. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ येथे उपयोगी पडतो. २०१९ च्या सुधारित नियमांनुसार ३० वा अधिक मनुष्यबळाच्या आस्थापनेस २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे. या मोजणीत कंत्राटी कामगारही येतात. म्हणजे २०० जणांच्या कारखान्यात किमान ५, कमाल ३०. उमेदवार कोणत्या गावचा असावा, याविषयी मात्र कायदा मौन बाळगतो. यास्तव औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या प्राचार्यांनी प्रवेशांपूर्वीच कारखान्यांतील यंत्रे पाहून यावीत. आणि मुरबाडला रेल्वे नसल्याने पाळी सुटल्यावर एस.टी. मिळते का, हेही पाहावे.