बीदरच्या मदरशावरची निळाई

बीडहून अंबाजोगाई, लातूर, उदगीर करत बीदरला गेलात, तर नुसता किल्ला पाहून परतू नका. गावातला महमूद गवान यांचा मदरसाही मुलांना दाखवा. एकेकाळी आपला हा मुलूख आणि बीदर एकाच बहामनी राज्यात होते. त्या राज्याचे वजीर गवान मूळचे इराणातल्या गीलानचे. १४७२ मध्ये त्यांनी ही तीन मजली इमारत उभी केली आणि दर्शनी भिंत व मिनार इराणी पद्धतीच्या रंगीत टाइल्सनी मढवले. महालांना, सुलतानांच्या कबरींना असा थाट होतच असे. इथे तो शिकण्याच्या जागेला मिळाला.

या कामाला काशीकारी म्हणतात. गारगोटीची पूड, थोडी काचपूड आणि चिकणमाती मळून लादी थापायची. तिच्यावर पांढरा लेप, लेपावर कुंचल्याने वेलबुट्टी किंवा अक्षरे, वरून झिलई आणि मग भट्टी. गंमत अशी, की कोबाल्टचा रंग लावताना काळपट दिसतो. निळा होतो तो भट्टीत. म्हणजे कारागीर रंगवतो अंदाजाने. तांब्याचा फिरोजी होतो, पण झिलईत शिसे असेल तर तेच तांबे हिरवे उमटते. आयत लिहायची तर एकेका लादीवर अक्षराचा तुकडाच येतो. एक लादी तडकली की शब्द तुटला. दुसरी रीत आणखी वेळखाऊ: एकरंगी लाद्या कापून त्यांचे तुकडे नक्षीत बसवायचे.

बनावट पत्राच्या आधारे १४८१ मध्ये गवान यांना ठार करण्यात आले. मदरसा मात्र चालत राहिला. पुढे मोगल अमलात इथे दारूगोळा ठेवला गेला आणि १६९६ च्या स्फोटात एक मिनार व दर्शनी भागाचा मोठा हिस्सा कोसळला. उरलेल्या टाइल्स पावसाने झिजल्या. भेगांतून पाणी शिरते, झिलई सुटते, आतली लादी उघडी पडते. उरलेल्या मिनारावरची नागमोडी नक्षी अजून ओळखू येते, पण पट्ट्यांत मोकळ्या जागाच फार.

आज मस्जिदीसाठी आयतींच्या छापील टाइल्स दुकानात तयार मिळतात. स्वस्त पडतात, त्यात गैर काही नाही. तरी मिहराबीपुरते काम एखाद्या खुशनवीसाकडून हाताने करवून घ्यायला काय हरकत आहे?

आणि बीदरला गेल्यावर मुलांना भिंतीवर नख लावू देऊ नका. खाली निळा तुकडा पडलेला दिसला, तर आठवण म्हणून खिशात न घालता तिथल्या पहारेकऱ्याच्या हाती द्या.