रक्तातील 'ड' जीवनसत्त्वाचा अंक

'ड' जीवनसत्त्वाच्या रक्ततपासणीचा अहवाल हाती पडला, की दृष्टी प्रथम जाते ती एका अंकाकडे आणि त्यापुढे छापलेल्या 'कमी' या शब्दाकडे. या शब्दामागे कोणते गमक आहे हे जाणल्यावाचून अंकाचा अर्थ लागत नाही.

सूर्यप्रकाशातील जंबुपार किरण त्वचेवर पडले म्हणजे तेथे हे जीवनसत्त्व निर्माण होते. त्याचे पहिले रूपांतर यकृतात होते व दुसरे मुख्यतः मूत्रपिंडात. आतड्यांतून कॅल्शियमचे शोषण घडवून आणणारे कार्यक्षम रूप ते हे दुसरे. असे असूनही प्रयोगशाळेत मोजले जाते ते यकृतातील, '२५-हायड्रॉक्सी' नावाचे रूप. ते रक्तात काही आठवडे टिकते व शरीरातील साठ्याची कल्पना देते. कार्यक्षम रूप काही तासांतच नाहीसे होते. शिवाय साठा घटू लागला की परावटु ग्रंथी अधिक स्राव सोडून त्याचे प्रमाण टिकवून धरतात. त्यामुळे खरी उणीव असतानाही ते पुरेसे, किंबहुना वाढलेलेही, आढळू शकते.

अंक वाचण्यापूर्वी एकक पाहावे. भारतात बहुधा नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर हे एकक वापरतात. नॅनोमोल प्रति लिटर या एककात तोच अंक अडीचपट दिसतो: २० चे ५० होतात.

पुरेसे प्रमाण कोणते, याविषयी तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. २०११ साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २० नॅनोग्रॅम पुरेसे ठरविले, तर त्याच वर्षी एंडोक्राइन सोसायटीने ३० चा आग्रह धरला. २०२४ मध्ये या सोसायटीने आपला तो आग्रह मागे घेतला. अहवालांवरील छापील ३० मात्र अनेक ठिकाणी तसाच राहिला आहे. २० हा अंकही जवळजवळ सर्वांची गरज भागावी अशा बेताने निवडलेला आहे. निम्म्या लोकांना १६ पुरते. तेव्हा १८ अंक असलेला प्रत्येक मनुष्य रोगी होय, असे मानणे तर्काला धरून नाही.

१२ च्या खाली मात्र काळजीचे कारण असते. मुलांना मुडदूस व प्रौढांना अस्थिमृदुता होण्याचा धोका तेथे वाढतो. अशा वेळी रक्तातील कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज व परावटु स्राव यांच्या जोडीनेच अंक वाचला पाहिजे. भारतात ऊन मुबलक, म्हणून ही उणीव येथे नसावी, असा समज दीर्घकाळ होता. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००० साली निरोगी व्यक्तींच्या तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा त्याला तडा गेला. उघड्यावर वावरणाऱ्या सैनिकांच्या मानाने रुग्णालयातील डॉक्टर व परिचारिका यांचे प्रमाण पुष्कळच कमी भरले. ऊन देशात असणे निराळे आणि अंगावर पडणे निराळे!

दुसऱ्या टोकाचा धोकाही लहान नाही. सहा लाख एककांचे इंजेक्शन वारंवार घेतल्याने अंक १५० च्या पलीकडे गेलेले रुग्ण आढळले आहेत. अशा रुग्णांच्या रक्तात कॅल्शियम वाढते. ओकाऱ्या, अतितृष्णा व संभ्रम ही लक्षणे दिसतात, आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचते. जीवनसत्त्व चरबीत साठत असल्यामुळे औषध थांबविल्यावरही हा परिणाम कित्येक आठवडे, क्वचित महिने, ओसरत नाही.