कलनाचा पहिला वर्ग आणि रोवणीचे दिवस

श्रोतेहो, विषयाचे नाव ऐकून मागच्या रांगेतील काही मंडळी उठण्याच्या बेतात असतील, तर त्यांनी थोडा दम धरावा. मला येथे गणित शिकवायचे नाही. दवनीवाड्यासारख्या गावातून बारावी होऊन गोंदियाच्या महाविद्यालयात विज्ञान शिकायला जाणाऱ्या मुलामुलींपुढे आरंभीच कलनशास्त्र येते. त्याचे नियम काय आणि ते विद्यार्थ्याकडून काय मागते, एवढेच सांगायचे आहे. नियम छापलेले असतात. मागणी बहुधा कोणी छापत नाही, आणि मुले अडतात ती तिथेच.

कलन म्हणजे बदलाचे गणित. पावसाळ्यात आपली बोडी भरत असते. समजा, तासाला ६० घनमीटर पाणी येत आहे आणि पाण्याचा पृष्ठभाग या घटकेला १,२०० चौरस मीटर आहे. तर पातळी तासाला ५ सेंटिमीटर या वेगाने चढते आहे. पुढे पाणी पसरून पृष्ठभाग २,४०० चौरस मीटर झाला, की तेच पाणी पातळी तासाला अडीच सेंटिमीटरच्याच वेगाने चढवील. वेग क्षणोक्षणी बदलतो आहे; मग 'या क्षणाचा वेग' म्हणजे नेमके काय? ग्रहांच्या बाबतीत हाच प्रश्न भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धांतशिरोमणी'त 'तात्कालिक गति' या नावाने हाताळला होता. एकोणिसाव्या शतकात बाळशास्त्री जांभेकरांनी या शास्त्रावर मराठीत पुस्तक केले आणि त्याला 'शून्यलब्धि' हे नाव दिले. मला ते नाव आजच्या शब्दापेक्षा अधिक आवडते, कारण अंतर शून्याकडे नेत नेत काही लाभते, ही सारी गंमत त्यात आली आहे.

आता मागणीकडे येऊ. बारावीपर्यंत मुलगा विकलन आणि संकलन दोन्ही शिकलेला असतो. त्यामुळे महाविद्यालयात पहिल्या दिवशी त्याला वाटते, हे तर आपल्याला येते! एक्स शून्याकडे जाताना साइन एक्स भागिले एक्स याची सीमा विचारली, तर तो प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीत घोटलेला लोपितालचा नियम लावून एका ओळीत १ हे उत्तर देतो. उत्तर बरोबर आहे. पण त्या नियमाला साइनचे विकलन लागते, आणि साइनचे विकलन सिद्ध करताना हीच सीमा आधी लागते. बापाने लेकाच्या भरवशावर उधारी करावी आणि लेकाने बापाच्या, तसा हा व्यवहार झाला. प्राध्यापक सिद्धता म्हणून याला गुण देत नाहीत आणि विद्यार्थी मनात म्हणतो, आपल्यावर अन्याय झाला. अन्याय झाला खरा. पण तो गुण कापण्यात नाही. 'येथे उत्तराइतकेच कारणाला मोल आहे' हे पहिल्या तासाला कोणी सांगितले नाही, यात तो आहे.

घरी दिलेल्या उदाहरणांचेही तसेच. मित्रांशी चर्चा करावी, अवश्य करावी; पण लिहिताना वही मिटून आपले आपण लिहावे. हल्ली भ्रमणध्वनीला उदाहरणाचा फोटो दाखवला की पायऱ्यांसकट उत्तर मिळते. परीक्षेच्या खोलीत तो नसतो, हे मुलांना माहीत असते. तरी चाचणीच्या आदल्या रात्रीपर्यंत ते आठवत नाही.

पण मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हजेरीचा नियम. ७५ टक्के हजेरी हा आपल्याकडील विद्यापीठांचा जुना दंडक आहे. समजा, सत्रात ६० तास झाले, तर १५ तास चुकले तरी कागदोपत्री चालते. आणि आपल्या भागात हे १५ तास कधी चुकतात? जुलैत वर्ग सुरू होतात, तेव्हाच धानाची रोवणी असते. मजूर मिळत नाहीत, घरचे हात लागतात, मुलगा बांधीत उतरतो. त्याला मी दोष देणार नाही. परंतु नेमके त्याच पंधरवड्यात वर्गात सीमा शिकवून होते. सीमेवर सातत्य उभे, आणि त्यावर विकलन. इतिहासाच्या वर्गात मधले एक प्रकरण बुडाले तर पुढचे वाचता येते. येथे तसे नाही. नियम पाळला गेला आणि अभ्यासक्रम हातचा गेला!

लायब्निट्सने आपले कलन १६८४ साली छापले आणि कोशीने आपल्या विद्यार्थ्यांसाठी सीमेच्या पायावर त्याची मांडणी केली ती १८२१ साली. मधली १३७ वर्षे मोठमोठ्या गणितज्ञांना या एका कल्पनेने चकवले. ती पंधरा दिवसांत, तीही इंग्रजीतून, आणि तीही वर्गात नसताना यावी, ही अपेक्षा कोणाची आहे?

महाविद्यालयांनी रोवणीनंतर सीमेचे चार तास पुन्हा घ्यावेत, असे माझे म्हणणे आहे. ते होईल तेव्हा होईल. तोवर पालकांनी एवढे करावे: घरी राहणे भागच असेल तर सलग पंधरा दिवस न ठेवता एक दिवसाआड पाठवावे. आणि चुकलेल्या तासाची वही मित्राकडून आणून मुलाने नुसती उतरवून काढली, तर तेवढ्यावर थांबू नये. संध्याकाळी त्याला समोर बसवून, बोडीची पातळी या क्षणाला किती वेगाने चढते आहे आणि 'या क्षणाला' म्हणजे काय, हे मराठीत सांगायला लावावे. आपल्याला गणित येत नसले तरी चालेल. तो कोठे अडखळतो, ते ऐकणाऱ्याला कळते, आणि दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना काय विचारायचे ते त्यालाही कळते.