एक लूप म्हणजे निम्मं काम?

ॲरेमधली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी किंमत एकदम कशी काढाल, असं विचारलं की नवख्यांपासून मुरलेल्यांपर्यंत बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: ‘दोन लूप कशाला? एकातच दोन्ही काढा, काम निम्मं होतं.’ कोड रिव्ह्यूत हे ऐकू येतं, इंटरव्ह्यूत ऐकू येतं, शिकवणीच्या व्हिडिओंत तर ठासून सांगतात. काम निम्मं होत नाही हो. लूप निम्मे होतात.

मोजूनच बघा. १,००० आकड्यांतून कमाल शोधायला ९९९ तुलना लागतात: पहिला आकडा धरायचा आणि उरलेले एकेक करून त्याच्याशी ताडायचे. किमानालाही तेवढ्याच. दोन लूपच्या मिळून १,९९८. आता दोन्ही ‘इफ’ एका लूपमध्ये घाला. ९९९ फेऱ्या, दर फेरीत दोन तुलना, म्हणजे पुन्हा १,९९८. वाचलं काय, तर काउंटर पुढे ढकलणं आणि प्रत्येक आकडा मेमरीतून दुसऱ्यांदा आणणं. ही बचत खोटी नाही. ॲरे कॅशेत मावत नसेल तर ती चांगलीच जाणवते, आणि आकडे सेन्सरमधून एकदाच वाहून जाणारे असतील तर एका लूपशिवाय गत्यंतरच नाही. पण ‘निम्मं’ हा शब्द इथे कुठून आला, ते अजून कोणी दाखवलेलं नाही.

यावर काही जण दुसरा ‘इफ’ बदलून ‘एल्स इफ’ करतात आणि विजयी मुद्रेने बघतात. आकडे चढत्या क्रमाने असतील तर खरंच निम्म्या तुलना वाचतात. कसेही विखुरलेले दहा लाख वेगवेगळे आकडे घेतले, तर पहिल्यानंतर कमाल किंमत सरासरी १३-१४ वेळाच बदलते. म्हणजे सुमारे वीस लाख तुलनांपैकी वाचल्या चौदाएक. उतरत्या क्रमात तर एकही वाचत नाही. शिवाय किमानाला सुरुवातीला मुद्दाम प्रचंड किंमत देऊन ठेवली असेल, तर चढत्या ॲरेत ‘एल्स इफ’पर्यंत पाळी पोचतच नाही आणि तुमचा प्रोग्राम तोच प्रचंड आकडा किमान म्हणून छापतो.

तुलना खरोखर कमी करायच्या तर आकडे जोडीजोडीने घ्यावे लागतात. ७, २, ९, ४, ५, १, ८, ३ घ्या. आधी जोडीतले दोघे आपसांत ताडायचे: चार तुलना. मोठे ठरलेले ७, ९, ५, ८ यांतून कमाल: तीन तुलना. लहान ठरलेले २, ४, १, ३ यांतून किमान: आणखी तीन. एकूण दहा, साध्या पद्धतीने चौदा झाल्या असत्या. हजार आकड्यांना याच हिशेबाने १,४९८ पडतात.

याहून खाली जाता येत नाही, हे आयरा पोल यांनी १९७२ साली सिद्ध केलं. कारण कुस्तीच्या फडासारखं समजून घेता येतं. हजार मल्लांत सर्वांत बलवान कोण हे नक्की व्हायला बाकी ९९९ जण एकदा तरी हरलेले हवेत; सर्वांत दुबळा ठरायला बाकी ९९९ एकदा तरी जिंकलेले हवेत. म्हणजे १,९९८ नोंदी. दोन्ही मल्ल कोरे असतील तर एका कुस्तीत दोन नव्या नोंदी मिळतात, पण अशा कुस्त्या जास्तीत जास्त ५००. त्यांतून हजार नोंदी झाल्या. पुढे मात्र वाईटात वाईट परिस्थितीत प्रत्येक कुस्ती एकच नवी नोंद देते, आणि अजून ९९८ उरल्यात. बेरीज १,४९८.

हे कळलं की गाडी थेट दुसऱ्या टोकाला जाते: मग जोड्यांची पद्धत सगळीकडे वापरा, ती पंचवीस टक्के वेगवान आहे! अहो, तुलना पंचवीस टक्के कमी आहेत. वेळ वेगळी गोष्ट आहे. आजचा प्रोसेसर ‘इफ’चा निकाल आधीच ताडून पुढचं काम सुरू करतो, अंदाज चुकला की केलेलं टाकून मागे येतो, आणि त्यात दहा-वीस चक्रं सहज जातात. साध्या लूपमध्ये ‘नवी कमाल मिळाली का?’ याचं उत्तर जवळजवळ नेहमी ‘नाही’ असतं, त्यामुळे अंदाज क्वचितच चुकतो. जोडीतला मोठा कोण, हे मात्र विखुरलेल्या आकड्यांत छापा-काटाच. दहा लाखांत पाच लाख जोड्या, म्हणजे सुमारे अडीच लाख चुकलेले अंदाज. ओझे, निको आणि पिवोतो यांच्या २०१६च्या शोधनिबंधात नेमकं हेच मांडलं आहे: विखुरलेल्या पूर्णांकांवर जास्त तुलना करणारी साधी पद्धतच पुढे जाते. कम्पायलरने एकदम अनेक आकड्यांची किमान-कमाल काढणाऱ्या सूचना वापरल्या, तर ‘इफ’ उरतच नाही आणि हा सगळा वाद मिटतो.

जोड्या कामी येतात त्या तुलनाच महाग असेल तेव्हा, उदाहरणार्थ लांबलचक देवनागरी नावं वर्णक्रमाच्या नियमांनी ताडताना. अभ्यासक्रमातल्या ‘अर्धे करा, पुन्हा अर्धे करा’ या रिकर्सिव्ह पद्धतीबद्दल हॉरोविट्झ आणि साहनी यांनी आपल्या पुस्तकात हीच अट घातली आहे: तुलना स्वस्त असेल तर ती मंदच पडते. तो परिच्छेद परीक्षेला येत नसावा. शिवाय सहा आकड्यांचे तीन-तीन असे भाग पाडले तर तिला आठ तुलना लागतात, जोड्यांना सातच.

आता उरलेले किरकोळ गैरसमज. ‘सॉर्ट करा, दोन्ही टोकं उचला’: दहा लाखांसाठी साधारण दोन कोटी तुलना. ‘कमाल शून्यापासून सुरू करा’: द्रासचं जानेवारीतलं तापमान देऊन बघा. ‘पायथनचं मॅक्स चुकत नाही’: यादीत ‘नॅन’ पहिला असेल तर उत्तर ‘नॅन’, १ नंतर आला तर उत्तर १. आणि ‘सी प्लस प्लसचं मिनमॅक्स_एलेमेंट म्हणजे दोन जुनी फंक्शन्स एकत्र’: ते जोड्यांच्या हिशेबाने चालतं खरं, पण कमाल किंमत अनेकदा आली तर ते शेवटची जागा सांगतं, मॅक्स_एलेमेंट पहिली.